क्लेरिकही व्हायचंय, विझर्डही? आधी हा हिशोब मांडा

राजारामपुरीतला फ्लॅट असो की विद्यापीठाजवळची खोली, रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचं टेबल मांडून बसणाऱ्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. ‘माझा क्लेरिक तीन लेव्हलचा आहे, आता दोन लेव्हल विझर्डच्या घेतल्या. टेबलात बघितलं तर तिसऱ्या पातळीचे स्लॉट दिसतात. मग मला फायरबॉल का मिळत नाही?’ विचारणाऱ्याला वाटतं, डीएम अडवणूक करतोय. डीएमला वाटतं, हा पोरगा नियम वाकवतोय. दोघंही आपापल्या परीने बरोबर वाचत असतात, फक्त पुस्तकाची वेगवेगळी पानं.

या लेखात आपण पाचव्या आवृत्तीचाच विचार करू. तिची २०१४ची आणि २०२४ची अशी दोन रूपं आज टेबलांवर आहेत आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. वाचताना एक खूणगाठ बांधा: कॅरेक्टरची चढते ती ‘लेव्हल’, स्पेलची असते ती ‘पातळी’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने भलेभले फसतात.

मूळ नियम: स्लॉट एकत्र, स्पेल वेगळे

दोन मंत्रविद्यांचे क्लास एकत्र केले की स्लॉटची बेरीज होते. तुम्हाला येणाऱ्या किंवा तुम्ही तयार ठेवलेल्या स्पेलची बेरीज होत नाही. ते प्रत्येक क्लाससाठी स्वतंत्र मोजायचे, जणू तुम्ही त्या एकाच क्लासचे आहात. क्लेरिक ३ म्हणजे क्लेरिकचे दुसऱ्या पातळीपर्यंतचे स्पेल. विझर्ड २ म्हणजे विझर्डचे फक्त पहिल्या पातळीचे. स्लॉट मात्र पाच लेव्हलच्या हिशोबाने. थोडक्यात, वाटी मोठी मिळाली, रस्सा तेवढाच.

मग तिसऱ्या पातळीचा स्लॉट कशाला? खालच्या पातळीचा स्पेल त्यात टाकून त्याची ताकद वाढवायला. इथे प्रत्येक स्पेल सारखा फुगत नाही, म्हणून निवड करतानाच बघा:

- फुगणारे: मॅजिक मिसाइल (प्रत्येक पातळीला एक बाण जास्त), ब्लेस (एक माणूस जास्त), क्युअर वूंड्स, एड, होल्ड पर्सन, इन्व्हिजिबिलिटी.
- न फुगणारे: शील्ड, मिस्टी स्टेप, वेब. मोठ्या स्लॉटमध्ये घातले तरी तेवढेच.
- फसवे: स्पिरिच्युअल वेपन. २०१४च्या नियमात तो दोन-दोन पातळ्यांनी वाढतो, त्यामुळे तिसऱ्या पातळीचा स्लॉट वाया जातो. २०२४मध्ये दर पातळीला वाढतो, पण आता त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं.

स्लॉट कसे मोजायचे

कागद-पेन घ्या आणि या क्रमाने जा.

१. बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझर्ड यांच्या लेव्हल पूर्ण धरा.
२. पॅलाडिन आणि रेंजर यांच्या निम्म्या. २०१४मध्ये अपूर्णांक सोडून द्यायचा, २०२४मध्ये वर चढवायचा. आर्टिफिसर असेल तर त्याचा अपूर्णांक वरच चढतो.
३. एल्ड्रिच नाइट झालेला फायटर आणि आर्केन ट्रिकस्टर झालेला रोग यांच्या एक तृतीयांश, अपूर्णांक सोडून.
४. वॉरलॉक या बेरजेत धरायचाच नाही. त्याचं खातं वेगळं, त्यावर पुढे येऊ.

आलेल्या बेरजेप्रमाणे स्लॉट असे मिळतात. आकडे डावीकडून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीचे, या क्रमाने:

- १: २
- २: ३
- ३: ४, २
- ४: ४, ३
- ५: ४, ३, २
- ६: ४, ३, ३
- ७: ४, ३, ३, १
- ८: ४, ३, ३, २
- ९: ४, ३, ३, ३, १

अपूर्णांकाचा फरक किरकोळ वाटतो, पण तो टोचतो. पॅलाडिन ५ आणि सॉर्सरर ४ घ्या. जुन्या नियमाने २ अधिक ४, म्हणजे ६. नव्याने ३ अधिक ४, म्हणजे ७. नव्या टेबलावर त्याच कॅरेक्टरकडे चौथ्या पातळीचा एक स्लॉट आहे, जुन्यावर नाही. म्हणून बेरीज करण्याआधी डीएमला विचारा: कुठलं पुस्तक चालू आहे?

व्हिडिओ गेममधून आला असाल तर

गेल्या काही वर्षांत बरेच जण २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’मधून टेबलाकडे वळले. गेम उत्तम आहे, पण त्याने लावलेल्या सवयी टेबलावर चालत नाहीत. तिथे विझर्डची एक लेव्हल घेतली तरी स्लॉट असेल त्या पातळीचा स्पेल स्क्रोलवरून शिकता येतो. टेबलावर येत नाही. स्पेलबुकात उतरवायचा स्पेल तुमच्या विझर्ड लेव्हलला तयार करता येणाऱ्या पातळीचाच हवा. क्लास जोडायला तिथे गुणांची अट नाही, इथे आहे. आणि तिथे शंभर सोन्याच्या नाण्यांत सगळं कॅरेक्टर नव्याने बांधून मिळतं. इथे त्यासाठी डीएमची मनधरणी करावी लागते.

गुणांची अट

नवा क्लास घेताना जुन्या आणि नव्या, दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात किमान १३ हवेत:

- बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक: कॅरिझ्मा
- क्लेरिक, ड्रुइड: विजडम
- विझर्ड, आर्टिफिसर: इंटेलिजन्स
- पॅलाडिन: स्ट्रेंग्थ आणि कॅरिझ्मा, दोन्ही
- रेंजर: डेक्स्टेरिटी आणि विजडम, दोन्ही

यादी नीट बघितली तर निम्मं उत्तर तिथेच सापडतं. एकाच गुणावर चालणारे क्लास जोडले तर त्रास कमी. सॉर्सरर-वॉरलॉक, बार्ड-वॉरलॉक, पॅलाडिन-सॉर्सरर, क्लेरिक-ड्रुइड या जोड्या म्हणूनच टिकतात. क्लेरिक-विझर्ड ऐकायला भारदस्त, पण दोन गुण पोसायचे, वर कॉन्स्टिट्यूशन आहेच.

आकड्यांतच बघा. पाचव्या लेव्हलचा निव्वळ विझर्ड इंटेलिजन्स १८पर्यंत सहज नेतो, त्याचा सेव्ह डीसी १५. क्लेरिक ३ – विझर्ड २ कडे साधारण विजडम १७ आणि इंटेलिजन्स १५ असतात. प्रत्येक स्पेल आपापल्या क्लासच्या गुणाने चालतो, म्हणून त्याचा क्लेरिकचा डीसी १४ आणि विझर्डचा १३. शिवाय गुण वाढवण्याची संधी येते ती त्या क्लासच्या चौथ्या लेव्हलला, एकूण चौथ्या लेव्हलला नव्हे. तीन अधिक दोन करणाऱ्याला ती अजून मिळालेलीच नसते. हे चारचौघांत फार जणांना माहीत नसतं.

यावर उपाय आहे. ज्या क्लासचा गुण कमी, त्यातून असे स्पेल घ्या ज्यांना डीसी किंवा हल्ल्याचा फासा लागत नाही. विझर्डकडून शील्ड, मॅजिक मिसाइल, डिटेक्ट मॅजिक, फाइंड फॅमिलिअर. क्लेरिककडून ब्लेस. इंटेलिजन्स १३ असला तरी यांचं काहीच अडत नाही.

पाचव्या लेव्हलची उशीर-फी

माझं स्पष्ट मत: चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या तोंडावर दुसरा क्लास घेऊ नका. पाचवी लेव्हल ही या खेळातली मोठी पायरी आहे. विझर्डला फायरबॉल, काउंटरस्पेल, फ्लाय. क्लेरिकला स्पिरिट गार्डियन्स आणि मेलेल्या सोबत्याला मिनिटाच्या आत उठवणारा रिव्हिव्हिफाय. लढवय्यांना दुसरा वार. डीएम पुढचे शत्रूही त्याच हिशोबाने आणतो.

एक लढाई डोळ्यांपुढे आणा. तुमच्या डीएमने पन्हाळ्याची अंधारबाव नकाशात घेतलीय, वर मोकळं मैदान, तिथून आठ गॉब्लिन धावत येतायत. निव्वळ विझर्ड तिसऱ्या पातळीचा स्लॉट खर्चून फायरबॉल टाकतो: दीडशे फुटांवरून, वीस फूट त्रिज्येत, सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ नुकसान. आपला क्लेरिक-विझर्ड तोच स्लॉट बर्निंग हँड्सवर खर्चतो: अंगाजवळून पंधरा फुटांचा झोत, पाच फासे, सरासरी साडेसतरा, आणि तेही गॉब्लिन तोंडावर आल्यावर. तोच स्लॉट मॅजिक मिसाइलला दिला तर पाच बाण, सरासरी तेवढीच, फक्त चुकत नाहीत. बावीच्या अरुंद जिन्यात मात्र उलटं होतं. तिथे फायरबॉल टाकणारा स्वतःच्याच लोकांना भाजतो आणि ब्लेस पाच जणांवर टाकणारा क्लेरिक-विझर्ड उपयोगी ठरतो. कमजोर म्हणजे टाकाऊ नव्हे, पण काय गमावतोय हे आधी माहीत हवं.

म्हणून दोनच वेळा सोयीच्या: अगदी सुरुवातीला एक लेव्हल, किंवा मुख्य क्लासची पाचवी (शक्यतो सहावी) लेव्हल झाल्यावर. कॅन्ट्रिपची ताकद मात्र एकूण लेव्हलवर वाढते, तिथे तोटा नाही.

कुठल्या जोड्या घ्याव्यात

क्लेरिक १, मग सगळं विझर्ड. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हीच सुचवेन. मध्यम चिलखत आणि ढाल वापरता येते. पाचव्या आवृत्तीत ज्या चिलखताचं प्रशिक्षण आहे ते घालून कुठल्याही क्लासचा स्पेल टाकता येतो, त्यामुळे तुमचा विझर्ड हाफ प्लेट घालून फिरतो. मोठे स्पेल एकच लेव्हल उशिरा येतात, स्लॉट वेळेवर येतात. अडचण हातांची. ढालीवर कोरलेलं पवित्र चिन्ह क्लेरिकच्याच स्पेलला चालतं, विझर्डच्या नाही. दुसरा हात मोकळा ठेवा, त्यात शस्त्र धरून बसू नका. आणखी एक: २०१४मध्ये पहिल्याच लेव्हलला डोमेन मिळायचं. २०२४मध्ये सगळ्यांचे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला आले, त्यामुळे एका लेव्हलचा तो मोठा लाभ गेला.

पॅलाडिन-सॉर्सरर. दोन्हीला कॅरिझ्मा. पॅलाडिन ६ पर्यंत जा. तिथे ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो आणि जवळच्या सगळ्यांच्या सेव्हमध्ये तुमचा कॅरिझ्मा मिळवला जातो. मग सॉर्सरर घ्या. जुन्या नियमात डिव्हाइन स्माइट हवे तितके स्लॉट जाळून प्रत्येक वाराला लावता येत होता, म्हणून ही जोडी गाजली. नव्या नियमात स्माइट हा बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल झाला, टर्नला एकदाच. तरीही चांगली, पण जुने व्हिडिओ बघून घेत असाल तर निराश व्हाल.

सॉर्सरर-वॉरलॉक. वॉरलॉकचे स्लॉट वेगळे मोजायचे. दुसऱ्या लेव्हलला पहिल्या पातळीचे दोन, तिसऱ्याला दुसऱ्या पातळीचे दोन, पाचव्याला तिसऱ्या पातळीचे दोन, आणि ते शॉर्ट रेस्टनेच परत येतात. हे स्लॉट सॉर्सररच्या स्पेलला वापरता येतात, उलटही चालतं. एल्ड्रिच ब्लास्ट हा कॅन्ट्रिप असल्याने तो एकूण लेव्हलवर वाढतो. अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट घेतला आणि सॉर्सररच्या क्विकन्डने एकाच टर्नला दोनदा मारला, तर टेबलावरचे बाकीचे फासे खाली ठेवून बघत बसतात. हे कौतुक नाही, इशारा आहे. याच जोडीतून ‘कॉफीलॉक’ नावाचा प्रकार निघतो: झोपायचंच नाही, शॉर्ट रेस्ट घेत वॉरलॉकचे स्लॉट सॉर्सररच्या पॉइंटांत आणि पॉइंट पुन्हा स्लॉटांत बदलत साठा करायचा. ‘झॅनॅथर्स गाइड’मध्ये लाँग रेस्ट टाळणाऱ्याला दर २४ तासांनी थकव्याची परीक्षा द्यायला लावणारा नियम आहे आणि बहुतेक डीएम तो तुमच्यासाठीच बाहेर काढतील.

क्लेरिक-ड्रुइड. नियमात बसते, पण दोघांचं काम बरंचसं सारखं. हौस असेल तर घ्या.

इथे हमखास घसरायला होतं

- कॉन्सन्ट्रेशन एकच. दोन क्लास असले तरी ब्लेस चालू असताना वेब टाकला की ब्लेस गेला.
- दुसऱ्या क्लासचे सेव्हिंग थ्रो मिळत नाहीत. म्हणून पहिली लेव्हल विचारपूर्वक घ्या. सॉर्सररने सुरुवात केली तर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मिळतो आणि कॉन्सन्ट्रेशन टिकतं.
- बार्बेरियन रेजमध्ये असताना स्पेल टाकता येत नाही, कॉन्सन्ट्रेशनही तुटतं. बार्बेरियन-ड्रुइडची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.
- एका टर्नला दोन मोठे स्पेल नाहीत. २०१४: बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकला तर जोडीला फक्त एका अ‍ॅक्शनचा कॅन्ट्रिप. २०२४: एका टर्नला स्लॉट खर्चून एकच स्पेल.
- शीटवर एकच डीसी लिहिणं. दोन रकाने करा आणि प्रत्येक स्पेलपुढे क्ले किंवा वि लिहा. लढाईच्या मध्यात टेबल थांबत नाही.

जोडाजोड न करताही

खूपदा वाचकांना दुसरा क्लास नको असतो, दुसऱ्या क्लासचे दोन-तीन स्पेल हवे असतात. त्यासाठी स्वस्त वाटा आहेत. मॅजिक इनिशिएट या फीटने दोन कॅन्ट्रिप आणि पहिल्या पातळीचा एक स्पेल मिळतो. २०२४मध्ये तर अ‍ॅकोलाइट पार्श्वभूमी घेतली की क्लेरिकचा आणि सेज घेतली की विझर्डचा मॅजिक इनिशिएट पहिल्या लेव्हललाच हातात येतो, तो स्पेल पुढे स्लॉट खर्चूनही टाकता येतो. ‘विझर्ड आहे, पण थोडं बरंही करता यावं’ एवढीच इच्छा असेल तर अ‍ॅकोलाइट विझर्ड काढा आणि विषय संपवा.

सबक्लासमध्येही सोय आहे. ‘झॅनॅथर्स गाइड’मधला डिव्हाइन सोल सॉर्सरर क्लेरिकच्या यादीतून स्पेल घेतो, बार्डला दहाव्या लेव्हलला मॅजिकल सीक्रेट्स मिळतात. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर तिथे लेव्हल मोडतच नाही, दुसऱ्या लेव्हलपासून फीट खर्चून दुसऱ्या क्लासची विद्या घेता येते. त्या खेळाचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’वर मोफत वाचायला आहेत.

तुमचे हक्क, डीएमचे हक्क

२०१४च्या पुस्तकात मल्टिक्लासिंग हा ऐच्छिक नियम आहे. म्हणजे डीएम ‘नाही’ म्हणू शकतो आणि ती अडवणूक नव्हे. मात्र ते ‘नाही’ कॅरेक्टर बनवण्याआधी कळणं हा तुमचा हक्क. पहिल्याच बैठकीत एवढं विचारून घ्या:

- २०१४ की २०२४? दोन्हींची सरमिसळ असेल तर कुठला नियम कुठून?
- मल्टिक्लास चालेल का, किती क्लासपर्यंत?
- मोहीम कुठल्या लेव्हलपर्यंत जाणार? परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी धरून खरं सांगा. सातव्या लेव्हलला गाशा गुंडाळणार असाल, तर बाराव्या लेव्हलला फळ देणाऱ्या जोडीचा काय उपयोग?
- क्लेरिकचं दैवत पुस्तकातलं की आपल्याकडचं? काहींना अंबाबाई-जोतिबाचं नाव खेळात चालतं, काहींच्या घरी चालत नाही. आधी बोललं की कुणाचं मन दुखत नाही.

पैशांचं म्हणाल तर हजारोंची पुस्तकं घ्यायची सक्ती नाही. एसआरडी ५.१ हा नियमसंग्रह जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बीवाय ४.० परवान्याखाली खुला झाला. २०२४च्या नियमांवरचा ५.२ हा २०२५मध्ये आला. बारा क्लास, मल्टिक्लासिंगचे नियम, स्लॉटचं टेबल, सगळं त्यात आहे. प्रत्येक क्लासचा सबक्लास मात्र एकच. ते उतरवून घ्या, झेरॉक्स काढा, मराठीत भाषांतर करून छापा, हवं तर विका. अट एकच: त्यात दिलेला श्रेयाचा मजकूर छापायचा. ही मुभा फक्त एसआरडीला आहे, गटात फिरणाऱ्या हँडबुकच्या पीडीएफला नाही.

आधीच फसला असाल तर

कॅरेक्टर अर्ध्यात आलंय आणि दोन्ही क्लास लंगडे वाटतायत? तीन गोष्टी क्रमाने करून बघा. आधी स्पेल बदला. क्लेरिक, ड्रुइड, विझर्ड यांना लाँग रेस्टनंतर तयार स्पेल बदलता येतात, त्यात फुगणारे घ्या. मग पुढच्या सगळ्या लेव्हल एकाच क्लासला द्या, पाचवीपर्यंत नजर हलवू नका. तरीही जमेना तर डीएमला दोन सत्रांच्या मधल्या आठवड्यात, बाकीचे नसताना, कॅरेक्टर नव्याने बांधू देण्याबद्दल विचारा. सत्र चालू असताना विचारलं की उत्तर नकारच येतं. नवं कॅरेक्टर काढायचं ठरलंच, तर जुन्याचं शीट फाडू नका. डीएमला एनपीसी लागतात आणि सगळे आकडे आधीच लिहिलेला एनपीसी त्याला फार आवडतो.